चार हजारांच्या पुढे

दुसरी रेकॉर्ड, पहिली बाजू, तिसरं गाणं.
दोन मिनिटं अकरा सेकंदांवर
डावीकडे एक झांज वाजते,
किंचित उशिरा. किंवा वेळेवर.
यावर आमचं भांडण बावीस वर्षं जुनं आहे,
कोपरखैरण्यात, निकलसच्या पोटमाळ्यावर,
दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी.
खालचा भाडेकरू नारळाच्या वड्या थापतो,
जिन्यात साखरेचा वास,
आणि वारा फिरला की मार्केटातल्या कांद्याचा.

त्या दोघांची खरी नावं आम्ही घेत नाही.
किबोर्डवाला तो मास्तर, गिटारवाला लांब्या,
बाकी सगळे रोजंदारीवर.
हेरंब सामंत म्हणतो, चूक मुद्दाम ठेवलीय.
एका ठोक्यासाठी सात ड्रमर बदलणारी माणसं ती,
त्यांच्या हातून राहील होय रे?
निकलस म्हणतो, राहील की.
पहाटेचे चार वाजले असतील,
कुणाला तरी घरी जायचं असेल.

मग विषय वेगळं झाल्यानंतरच्या रेकॉर्डींवर जातो.
मास्तरच्या एकट्याच्या:
सगळं जागच्या जागी, कडक इस्त्रीचं,
घडी मोडायला कुणी नाही.
लांब्याच्या एकट्याच्या:
हा भलत्याच स्वरावर जाऊन बसतो
आणि बसूनच राहतो,
ऊठ म्हणणारा नाही.
झरीना पनवेलहून येते, केमिस्ट्री शिकवते.
ती म्हणाली, यात मला दुसरा नसल्याचा आवाज येतो.
निकलस म्हणाला, असं काही नसतं,
ते मिक्सिंग आहे.

परवा मंगळवारी हेरंब माझ्याकडे आला.
पोटमाळ्यावर नाही, वाशीला, सेक्टर सतरात,
जिथे मी लोकांचे कान मोजते.
मुलगा म्हणतो टीव्ही फार मोठा लावता.
काचेच्या खोलीत बसवला,
आवाज आला की बटण दाब म्हटलं.
शहाण्या मुलासारखा बसला होता, मांडीवर पिशवी.
पाचशेला दाबलं, हजारला दाबलं,
दोन हजारला थोडा विचार करून.
चार हजारला मी आवाज वाढवत नेला
आणि तो माझ्याकडे पाहून हसत राहिला.

उजव्या कानाची लाल वर्तुळं, डाव्याच्या निळ्या फुल्या,
दोन्ही रेघा एकाच ठिकाणी खाली कोसळलेल्या.
रबाळ्याची कंप्रेसर रूम, एकोणतीस वर्षं,
कानात कापसाचे बोळे.
ही दरी मी आठवड्याला चार-पाच वेळा काढते.
त्या झांजेचं सगळं तेज
दरीच्या पलीकडे आहे.
म्हणजे गेली दहा वर्षं तरी, हेरंबा,
तू जी ऐकतोस
ती रेकॉर्डवरची नाही.

किती गेलंय, त्याने विचारलं.
वयाच्या मानाने, मी म्हटलं,
आणि हे वाक्य मी पुरं करत नाही, कुणाच्याच बाबतीत.
पंधरा दिवस वापरून बघ म्हणून यंत्राची डबी दिली.

शनिवारी ती त्याच्या शर्टाच्या खिशात होती.
चौकोनी फुगवटा. झरीनाला वाटलं, तपकीर.
निकलसने सुई ठेवली.
पहिल्या कडव्यात लांब्या तेच करतो,
स्वराच्या दारापर्यंत जातो, बेल वाजवत नाही.
मास्तर खालून दोन बोटं देतो, थंड.
दीड मिनिट. दोन.
हेरंबने डोळे मिटले, तर्जनी वर धरली,
दुधाचा हिशेब सांगताना धरतात तशी.
मी त्या बोटाकडे पाहत होते.
नखाशी अजून काळं ग्रीस,
रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी.

बोट खाली आलं.

बघ, तो म्हणाला, मुद्दाम.
निकलसने माझ्याकडे पाहिलं,
तू सांग, तुझे कान शिकलेले, उशिरा की वेळेवर?

काय सांगू.
बोटाच्या नादात
माझीच हुकली होती.
परत लाव, म्हटलं.